उबदार मूठ

१

वाशीमच्या जुन्या जिनिंगच्या शेडमध्ये सकाळी जी मंडळी जमत, त्यांच्यात पिस्तुलावरून रोज वाद होई. रस्त्यावरून जाणाऱ्याला वाटावं, आता मुडदे पडणार. प्रत्यक्षात ती सगळी हवेच्या दाबाची, छर्रे मारायची, कागदाच्या निशाण्यावर चालवायची पिस्तुलं, आणि वाद एवढाच की चांगलं कोणतं. बँकेतला किशन म्हणे, जड पाहिजे, जड हालत नाही. कॉलेजातली रंजीता म्हणे, खांदा निखळल्यावर तुझं जड चुलीत घाल. एकाला अंगठ्याखाली उंचवटा हवा, दुसऱ्याला तोच टोचे. आपली चप्पल दुसऱ्याच्या पायात आणि दुसऱ्याची आपल्या, अशी सगळी तऱ्हा.

शिकवणारे धरमसिंग राठोड फौजेतून निवृत्त होऊन आलेले. ते हे सारं चहा पीत ऐकत आणि शेवटी ठरलेला निवाडा देत.

"पिस्तूल डोयानं पसंत करत नसतात, बापा. हातात घ्या, डोये मिटा, हात उचला. डोये उघडल्यावर माशी खाचेत बसेल दिसली तं ते तुमचं. नाई तं घ्या कानस."

माशी म्हणजे नळीच्या टोकावरचा बारीक खुंट आणि खाच म्हणजे त्याच्यामागची फट. दोन्ही एका रेषेत आली, की नेम. आणि कानशीचं म्हणाल, तर तो या शेडचा रिवाजच होता. पिस्तूल कुणाकडूनही येवो, नव्या माणसाने पहिल्याच दिवशी त्याच्या लाकडी मुठीवर कानस फिरवायची. जिथे बोटाला अडतं तिथलं लाकूड उतरवायचं, जिथे पोकळ लागतं तिथे लांबीचा लगदा भरायचा. दुसऱ्याच्या मापाची मूठ आहे तशी कधी धरायची नाही. यात न कळण्यासारखं काही नव्हतं, म्हणून कारण कुणी विचारलं नव्हतं.

सरिता इंगळे मालेगावहून पहिल्या एसटीने यायची. तिथल्या एका खाजगी शाळेत ती खेळ शिकवायची आणि नोकरी तात्पुरती होती. राज्य स्पर्धेसाठी विभागाच्या संघात निवड झाली, तिथे पदक मिळालं, तर खेळाडूंच्या राखीव जागेतून सरकारी नोकरीला अर्ज करता येणार होता. वयाच्या अटीत बसायचं हे तिचं शेवटचं वर्ष. घरी नवरा होता, पहिलीतली मुलगी होती, आणि यंदा नाही तर कधीच नाही हे तिला रोज सकाळी बसच्या खिडकीशी बसल्यावर आठवायचं.

२

थंडीच्या दिवसांत कुठल्याशा बंद पडलेल्या क्लबचं सामान धरमसिंगांनी स्वस्तात उचलून आणलं. खोक्यात निशाणे होते, फाटके हातमोजे होते आणि एक पिस्तूल होतं. त्याची अक्रोडाची मूठ हाताळून हाताळून काळपट झालेली.

किशनने ते उचललं आणि लगेच खाली ठेवलं. "हे कोन्या माणसाचं हाय? बोटं ठेवाले जागाच नाई."

रंजीताने धरून पाहिलं, मनगट झटकलं. "मले नाई जमत. ढकलून राह्यलं हाताले."

मग सरिताने घेतलं. अंगठा आपोआप त्याच्या कट्ट्यावर गेला, तीन बोटं तीन खोबणींत गेली, तळहाताखालचा टेकू नेमका हाडाला लागला. तिने डोळे मिटले, हात उचलला, डोळे उघडले. माशी खाचेत होती. पुन्हा केलं, पुन्हा तेच. इतके दिवस ती उधारीच्या चपलेतच पळत होती, असं तिला वाटलं आणि आनंदाने हसू फुटलं.

धरमसिंगांनी कानस पुढे केली.

"कायले, सर? बसेल हाय ना पक्की. उगाच घासून बिघडवू कायले?"

"बसेल असू दे. दोन हात मार. रिवाज हाय."

"निवडीले महिना नाई राह्यला. मूठ बिघडली तं काय करू मी?"

धरमसिंगांनी तिच्याकडे पाहिलं, मुठीकडे पाहिलं, आणि कानस खिशात घातली. मास्तरचं ऐकायचं नाही आणि मग मास्तरच्याच दारात रडायचं, ही शिष्यांची जुनी खोड आहे. सरिता काही वेगळी नव्हती. त्या सकाळी तिचे छर्रे निशाण्याच्या मधोमध असे गेले, की कागदाला एकच फाटकं भोक पडलं.

३

पहिली खटकलेली गोष्ट अगदी क्षुल्लक होती. पिस्तूल उबदार लागलं.

शेडमध्ये हाडं गोठवणारा गारठा असायचा. पत्र्याचं कपाट धरमसिंग तिच्यासमोर उघडत, आणि आतलं सगळं लोखंड इतकं थंड असे, की किशन आधी हातांवर फुंकर घाली. सरिताच्या पिस्तुलाची नळीही थंडच असायची. मूठ मात्र उबदार. उन्हात तापल्यासारखी नव्हे. कुणीतरी नुकतीच हातातून खाली ठेवावी, तशी.

"सर, माह्या अगोदर कोनी येते का सरावाले?"

"कोन येते एवढ्या पायटं? कुलूप तं तुह्या समोरच खोललं."

लाकूड थंडी धरत नाही, असं तिने स्वतःला समजावलं. ते खरंही आहे. म्हणून तिने शेजारची, रंजीताच्या पिस्तुलाची लाकडी मूठ हाताला लावून पाहिली. ती बर्फासारखी होती. मग तिने तो विषयच डोक्यातून काढून टाकला, कारण निशाण्यावर भोकं मधोमध पडत होती. दुभत्या गाईच्या लाथाही गोड लागतात.

पण चैन पडेना. उभं राहायची रीत ठरलेली: अंग बाजूला वळवलेलं, डावा हात खिशात, उजवा सरळ. श्वास अर्धा सोडून थांबवायचा आणि चाप इतका हळू ओढायचा, की छर्रा सुटला हे आपल्यालाही उशिरा कळावं. तिला दोन वर्षं घाम गाळूनही हा हळूपणा साधला नव्हता. आता तो आपोआप साधत होता. एकदा तिने मुद्दाम ठरवलं, की हा छर्रा मारायचा नाही, हात खाली घ्यायचा. ती ठरवतच होती, तोवर छर्रा सुटला होता. निशाण्याच्या मधोमध लागला.

"वा!" धरमसिंग मागून म्हणाले.

सरिताला मात्र ते आपलं कौतुक वाटलं नाही.

४

घरी भाकरी बिघडायला लागली. सरिताच्या भाकरीची गल्लीत तारीफ व्हायची, आणि आता ती एका बाजूला जाड, एका बाजूला फाटकी. पीठ थापताना तर्जनी वाकतच नव्हती, सरळ पुढे राहायची. कपाचा कान धरायला जमेना. किल्ली फिरवताना हात अडखळू लागला.

नवरा संघदीप मालेगावच्या दवाखान्यात कंपाउंडर. त्याच्या नजरेतून ते सुटलं नाही. "तू बोट असं काहून ठेवतं? दुखून राह्यलं का?"

"सरावानं झालं असंन."

"दाखव." त्याने हात हातात घेतला, उलटा केला, सुलटा केला, आणि थोडा जास्तच वेळ धरून ठेवला. मग सोडून दिला. "सूज नाई," तो म्हणाला. त्यानंतर तो टीव्ही पाहत बसला, पण अधूनमधून तिच्या हाताकडे बघायचा, हे तिने पाहिलं.

सगळ्यात वाईट झालं ते मुलीचं. संबोधीला, म्हणजे संबूला, ती रोज सरावाहून परतल्यावर शाळेत सोडायची. रस्ता मोटारसायकलींचा, म्हणून हात धरून. पोर रस्त्याच्या बाजूला नको, म्हणून संबू नेहमी उजवीकडेच, भिंतीच्या कडेने, आईचा उजवा हात धरून चालायची. एके दिवशी तिने हात धरला आणि लगेच सोडला. पळत डावीकडे आली.

"तिकडून गाड्या येतात, संबू. इकडं ये."

"नाई. हा हात दे."

"काहून? त्या हाताले काय झालं?"

संबूने तिच्या उजव्या हाताकडे पाहिलं. घरात अनोळखी पाहुणा आला, की ती जशी आईच्या मागे दडायची, तशी दडली. "तो तुहा नाई ना," ती म्हणाली.

लेकरांना वाटेल ते सुचतं. सरिता हसलीसुद्धा. पण शाळेच्या फाटकाशी तिला जे रडू आलं, ते तिने ओढणीने टिपलं आणि आपल्या शाळेकडे जाताना उजवा हात त्याच ओढणीत गुंडाळून घेतला. पोटच्या पोरीने आपला हात झिडकारावा, याहून मोठं दुःख तिला त्या घडीला ठाऊक नव्हतं.

५

दुसऱ्या दिवशी तिने धरमसिंगांकडून कानस मागून घेतली. त्यांनी ती खिशातून काढून दिली. शेडच्या दारात उन्हाचा तुकडा होता, तिथे ती बसली आणि अंगठ्याच्या कट्ट्यावर कानस चालवू लागली. जुनं लाकूड कडक होतं, पण भुसा पडत होता. दहा मिनिटांत कट्टा चांगला खाली आला. मूठ धरली, तर अंगठा आता अधांतरी राहत होता. तिला हायसं वाटलं. उद्या लांबी भरू, आपल्या मापाची करू.

संध्याकाळी भांडी घासताना अंगठ्याच्या मुळाशी आग झाली. पाहते तो कातडी सोलवटलेली. कापल्यासारखी नव्हे. बारीक, एका दिशेच्या रेघांची, कानशीच्या दातांची.

"कानस निसटली असंन," संघदीप मलम लावत म्हणाला.

"मले कळलं नसतं का?"

"थंडीत कळत नाई. हात बधिर असते."

दवाखान्यातला माणूस, त्याचं बोलणं पटण्यासारखं होतं. तिने पटवून घेतलं. आणि सकाळी मूठ धरली, तेव्हा अंगठा पुन्हा कट्ट्यावर नीट बसला. लाकूड घासलेलंच होतं, घासल्या जागेचा रंगही ताजा होता. मग लाकूड तसंच, तर बदललं होतं कोण? तिने दोन्ही हातांचे अंगठे जवळ जवळ धरले. उजवा जरा लांब दिसत होता. माणसाचे दोन्ही हात तंतोतंत सारखे नसतातच, हे तीच पोरांना शिकवायची.

"सर, मी निवडीले दुसरं पिस्तूल घेतो. रंजीताचं देता का?"

धरमसिंगांनी दिलं. रंजीताच्या पिस्तुलाने तिचे छर्रे निशाण्याच्या कडेला गेले, काही तर कागदाबाहेर. तिने दोन दिवस तसेच काढले. तिसऱ्या दिवशी डोळ्यांसमोर शाळेचा तात्पुरता पगार आला, संघदीपचे कंपाउंडरकीचे फाटके दिवस आले, आणि तिने पुन्हा ते कपाट उघडायला सांगितलं. एकदाच, एवढी निवड होऊ दे, मग तोंडही बघणार नाही.

"पाह्य बा तुह्यं," धरमसिंग म्हणाले. त्यांना ते पटलेलं नव्हतं.

मूठ उबदारच होती. वाट पाहत असल्यासारखी.

६

निवड रविवारी त्याच शेडमध्ये होती. आजूबाजूच्या जिल्ह्यांतून नेमबाज आले होते, चहाची किटली फिरत होती. संघदीप संबूला घेऊन आला होता. बघ्यांसाठी उजव्या भिंतीशी बाकडी मांडलेली, आणि सरिताची जागा त्या कडेची, शेवटची.

छर्र्यामागून छर्रा मधोमध जात होता. शेजारचे वळून वळून पाहू लागले. किशनने लांबूनच शाबासकीचा अंगठा उंचावला. थोडेच उरले होते आणि सरिता सगळ्यांच्या पुढे होती. एवढ्या वर्षांत तिच्या वाट्याला असं काही आलं नव्हतं. तिला उड्या माराव्याशा वाटल्या. आणि तरी यातलं काहीच ती करत नव्हती.

तिने छर्रा भरला. मन थाऱ्यावर आणायला डोळे मिटले, हात उचलला, श्वास अर्धा सोडला, डोळे उघडले.

माशी खाचेत होती. चोख. पण त्यांच्यापलीकडे निशाणा नव्हता. बाकडं होतं, त्यावर संबू होती, आणि माशीच्या टोकावर तिच्या कपाळावरची दोन रुपयांची टिकली होती. हात वळल्याचं सरिताला जाणवलंही नव्हतं. संबू आईकडे पाहून हसत नव्हती. ती आईच्या बाजूला, जरा वर, जिथे एखाद्या उंच माणसाचा चेहरा असावा तिथे बघत होती.

चापावरचा दाब वाढत होता. अगदी हळू, अगदी सुरेख.

सरिताने खिशातला डावा हात बाहेर काढला आणि नळीवर जीव खाऊन मारला. छर्रा फरशीवर आपटला. नेमबाज आपापल्या निशाण्यावर डोळे लावून होते, बघे पुढच्या कागदांकडे पाहत होते, संघदीप फिरत्या किटलीतून चहा घेत होता. पाहिलं ते फक्त मागे उभ्या धरमसिंगांनी.

"हात निसटला," ते हलकेच म्हणाले. "कोनी नाई पाह्यलं. राह्यलेले मार, पोरी. तू पहिली हायेस."

ते खरं होतं. एक छर्रा वाया गेला तरी ती पहिली येणार होती. संघ, पदक, नोकरी, सगळं हाताशी आलं होतं. सरिताने संबूकडे पाहिलं.

"मले नाई पायजे," ती म्हणाली. "मी सोडून राह्यलो, सर. हे घ्या माह्या हातातून. लवकर घ्या."

पण हात उघडेना. तिने जोर लावला, डाव्या हाताने ओढलं, बोटं लाकडावरून हालली नाहीत. तेव्हा धरमसिंग तिला आडोशाला, कपाटामागे घेऊन गेले आणि तिची बोटं एकेक करून सोडवू लागले. सरिताने मान फिरवली होती. तिला दिसत होता फक्त म्हाताऱ्याचा चेहरा. आधी तो खटपटीने आवळलेला होता. मग त्यावर गोंधळ आला. मग ते थांबले, खाली पाहिलं, आणि त्यांच्या ओठांचा रंग उतरला.

पिस्तूल सुटलं. सरिताचा हात मोकळा झाला. धरमसिंगांनी ते तिथल्या एका पेटीत ठेवून कुलूप लावलं आणि आपले तळवे पँटला पुसत राहिले.

"सर? काय झालं?"

"तुही बोटं सुटली होती," ते म्हणाले. "तरी मी सोडवूनच राह्यलो होतो. मुठीवरची बोटं सरतच नव्हती." मग भानावर येऊन खेकसले, "जा घरी. लेकराले घेऊन जा. हे मी जाळून टाकतो."

जाण्याआधी तिने पेटी उघडायला लावली आणि मुठीला एक बोट लावलं. लाकूड थंडगार होतं.

७

परतीच्या बसमध्ये गर्दी कमी होती. संघदीपने निवडीबद्दल एक शब्द विचारला नाही. फक्त म्हणाला, "जाऊ दे. भाकरीचं काय, मियून जाते," आणि खिडकीला डोकं टेकलं.

सरिताच्या डोळ्यांतून पाणी वाहत होतं. सरकारी नोकरी गेली म्हणून होतं, आणि सुटलो म्हणूनही. तिने उजवा हात मांडीवर उघडा ठेवला होता. तर्जनी वाकत होती, मूठ मिटत होती, अंगठा डाव्या अंगठ्याएवढाच होता. आपला हात. मांडीवर बसलेल्या संबूने तो पाहिला, जरा हुंगल्यासारखं केलं आणि स्वतःहून धरला.

"आता हाय ना तुह्या आईचा?"

संबूने मान हलवली. "तुहाच हाय." मग तिने आईच्या छातीवर डोकं टेकलं, आणि वाशीम मागे पडायच्या आत तिला झोप लागली. कापणीला आलेला हरभरा दोन्ही बाजूंनी पळत होता. कितीतरी दिवसांनी सरिताने पाठ सीटला टेकवली. जे गेलं ते गेलं, लेकरू आपल्यापाशी आहे, यापुढे आणखी काही मागायचं नाही, असं ती मनाशी म्हणत होती.

संबूच्या मुठीत तिची दोन बोटं होती. मूठ उबदार होती, पिस्तुलाची लागायची तशी. ती पकड थोडी घट्ट झाली. झोपेत मुलं तसं करतात. मग संबूची तर्जनी सुटली, सरळ झाली, आणि सरिताच्या बोटावर टेकून वाकू लागली.

सावकाश. एकसारखी. धक्का नाही, घाई नाही. मोठी माणसं दोन दोन वर्षं घासतात तरी त्यांना न येणारा तो दाब सहा वर्षांच्या बोटातून कणाकणाने वाढत होता.

"संबू," सरिता म्हणाली.

"झोपू दे ना तिले," संघदीप डोळे न उघडता म्हणाला.

सरिताने मुलीच्या तोंडाकडे पाहिलं. डोळे मिटलेले होते, चेहरा शांत होता. तिने डावा हात संबूच्या छातीवर ठेवला. छाती अर्धी खाली जाऊन थांबली होती. श्वास परत यायची वेळ झाली, वेळ टळली, बस मालेगावच्या वळणाला लागली, आणि सरिता त्या श्वासाची वाट पाहत बसली होती.